बोलत नसते, काढू नये

“आणि उत्तरच आलं नाही, तर काय समजायचं चाचा?”

दस्तगीरचाचांनी ताटातला एक खडा उचलला, बोटांत धरून पाहिला आणि बाजूला टाकला. ते तांदूळ निवडत होते.

“कुणाचं उत्तर?”

“म्हणजे… कुठल्याही यंत्राचं. आपण विचारतो, बाबा रे, तू कोण, कुठे जोडलेला आहेस. ते बोलतच नाही. मग?”

“कितीदा विचारलंस?”

“तीनदा. दर वेळी दोन सेकंद थांबून.”

“दोन सेकंद…” चाचा म्हणाले आणि पुन्हा ताटात बघू लागले.

सोमवारची संध्याकाळ होती, पाचचा सुमार. गावाबाहेरच्या टेकडीवर पिराचा लहानसा दर्गा आहे, त्याच्या पायरीवर दोघे बसले होते. चाचांचं वय त्र्याहत्तर. चौतीस वर्षं ते टेलिफोन खात्यात केबलचे सांधे जोडत होते. पुढे अकरा वर्षं गावातल्या ट्रस्टच्या इस्पितळातल्या सगळ्या तारा त्यांच्याकडे होत्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा ते वर टेकडीवर आले आणि बापजाद्यांची दिवाबत्ती पुढे चालवू लागले.

गुरुवारी लोक त्यांच्याकडे येत. कुणाची म्हैस हरवलेली असे, कुणाची सून माहेरी गेलेली असे. चाचा ऐकून घेत आणि फारसं काही बोलत नसत. लोक मात्र उतरताना हलके होऊन उतरत.

निनाद उपळेकर मुद्दाम सोमवारी आला होता. सोमवारी वर कुणी नसतं.

निनाद म्हणजे इस्पितळाचा संगणक विभाग. त्या विभागात दुसरं कुणीही नव्हतं. पोरगा हुशार होता. हे त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं, आणि समोरच्याला माहीत नसेल तर तो फार वेळ तसं राहू देत नसे. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याहून शिकून आला, तेव्हा चाचांची शेवटची महिनाभराची नोकरी उरली होती. चाचांनी त्याला मजल्यामजल्यावरून फिरवलं. हातात एक जाडजूड वही. ही तार इथून निघते, तिथे जाते, हिच्या टोकाला अमुक आहे.

निनादनं चार दिवस ती वही वागवली. पाचव्या दिवशी कपाटात ठेवून दिली.

“चाचा, आता चालत फिरायची गरज नाही,” तो म्हणाला होता. “स्क्रिप्ट सगळ्यांना बसल्या जागेवरून विचारते.”

आणि ती खरंच विचारायची, त्यात खोट नव्हती. पायथन या संगणकाच्या भाषेतली एक तयार लायब्ररी घेऊन त्यानं पाऊणशे ओळींची स्क्रिप्ट लिहिली. इस्पितळात अकरा स्विच होते. स्विच म्हणजे तारा येऊन मिळतात ती पेटी, आणि पोर्ट म्हणजे तिची दारं. स्क्रिप्ट प्रत्येक पेटीला विचारी, तुझी दारं किती? कुठलं चालू, कुठलं बंद? कुठल्या दाराशी कोण उभं आहे? दाराशी उभ्या यंत्राच्या पत्त्याचा पहिला अर्धा भाग घेऊन ती एका यादीत बघे आणि ते कुठल्या कंपनीचं आहे ते सांगे. आडनावावरून गाव ओळखावं तसंच ते.

दोनशे चौसष्ट दारं, चार मिनिटांत. चाचांना तेवढंच फिरायला चार दिवस लागत.

ट्रस्टींच्या बैठकीत त्यानं हे पडद्यावर दाखवलं. रंगीत तक्ता होता. त्यात सत्तावीस ठिकाणी कंपनीच्या नावाखाली ‘अनोळखी’ असं आलं.

“अनोळखी?” एक म्हातारे ट्रस्टी खुर्चीत पुढे सरकले. “आपल्या घरात?”

“काढून टाकतो,” निनाद म्हणाला.

त्यानं स्क्रिप्टमध्ये आणखी दोन ओळी घातल्या. जो अनोळखी आहे आणि जो साठ दिवसांत एक शब्दही बोललेला नाही, त्याचं दार बंद. एकोणीस दारं बंद झाली. तो सोमवार होता, आजच्या आधीचा. मंगळवारी कुणाचीही तक्रार आली नाही आणि निनादला फार बरं वाटलं.

त्या एकोणिसात एक पत्र्याची पेटी होती. मागच्या शेडमध्ये, ऑक्सिजनच्या टाकीशेजारी भिंतीवर. इचलकरंजीच्या कुणा कारागिरानं हातानं बनवलेली, त्यामुळे तिचं नाव जगातल्या कुठल्याच यादीत नव्हतं. तिला एकच काम होतं. टाकीतला दाब उतरला की तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात भोंगा वाजवायचा. दाब उतरत नव्हता तोवर ती महिनोन्‌महिने गप्प असायची.

बुधवारी दुपारी तीनला दाब उतरला.

पेटीनं हाक मारली. पुढचं दार बंद होतं.

पाच नंबरच्या खाटेवर एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. वायदंडे सिस्टरना त्यांचे ओठ निळे दिसले. सिस्टरनी सगळं इस्पितळ डोक्यावर घेतलं, पोरांनी जिन्यानं सिलिंडर वर नेले आणि विभागातली सातही माणसं वाचली. मास्तरीणबाई मात्र अजून श्वासाच्या नळीवर होत्या.

निनादला दहा मिनिटांत उमगलं. अकराव्या मिनिटाला त्यानं खुर्चीतून न उठता ते दार उघडलं आणि स्क्रिप्टच्या नोंदीतली ती ओळ पुसून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला.

गुरुवारी इचलकरंजीचा कारागीर आला. त्यानं बटण दाबून पाहिलं. वर भोंगा खणखणीत वाजला.

“पेटी ठणठणीत आहे,” तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मग बुधवारी भोंगा का वाजला नाही? पेटीवर आवाज बंद करायची एक कळ होती. शेडवर शंकर हेरवाडे असे. बावीस वर्षांची नोकरी. जेवण झालं की तीनच्या सुमाराला भिंतीला टेकून तो डोळे मिटायचा. सगळ्या इस्पितळाला ते ठाऊक होतं, आजवर सगळे त्यावरून त्याची थट्टाच करत आले होते. आता कुणी थट्टा केली नाही. वर भोंगा वाजला की खाली त्याला उठवत, ती झोप मोडू नये म्हणून यानं कळ दाबून ठेवली, असं ठरलं. त्याला घरी बसवलं. मंगळवारी, म्हणजे उद्या, अकरा वाजता चौकशी होती. नोकरी जाणार हे शिपायालाही माहीत होतं. आणि गावात नाव राहणार होतं ते वेगळंच, झोपेसाठी सात जणांना मारायला निघालेला माणूस.

निनादला पाच दिवस अन्न गोड लागत नव्हतं. पण कबूल करायला तो टेकडी चढलेला नव्हता. तो चढला होता ते दोष वाटून घ्यायला कुणी मिळतं का ते बघायला.

ती तार चाचांनी ओढलेली होती.

“तुमच्या वेळी काय करायचात?” त्यानं विचारलं. “तार गप्प असली तर?”

“कान लावायचो.”

“आणि आवाज आला नाही तर?”

“तरी कापायची न्हाई. उठायचं आणि तारंच्या मागं मागं चालत जायाचं.” चाचांनी ताट हलकेच झटकलं. “दुसऱ्या टोकाला माणूस असतोय.”

“दर वेळी?”

“अजून तरी दुसरं काय गावलं न्हाई.”

खालून वारा आला. उदाच्या धुराची रेघ मोडली आणि पुन्हा सरळ झाली.

“पण चिठ्ठी लावलेली असली तर चालत जावं लागत नाही,” निनाद म्हणाला. हे वाक्य त्यानं येताना वाटेत तीन वेळा म्हणून पाहिलं होतं.

“ते खरं हाय.”

“त्या… ऑक्सिजनच्या पेटीच्या तारेला चिठ्ठी नव्हती चाचा.”

चाचांचा हात तांदळात थांबला.

चिठ्ठी होती.

बुधवारी संध्याकाळी निनादनं दुसऱ्या मजल्यावरचं तारांचं कपाट उघडलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा. निळ्या तारांच्या जुडग्यात एका तारेला जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. इस्पितळात तीच मिळायची, म्हणून चाचा तीच वापरत. वर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, कारण शाई गरमीनं उडते आणि पेन्सिल टिकते, हे टेलिफोनवाल्यांना माहीत असतं. अक्षर मोठं, शाळेतल्या मुलासारखं गोल होतं.

‘हवेची तार. वरचा मजला. बोलत नसते. काढू नये.’

निनाद ती पट्टी वाचत किती वेळ उभा होता, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. मग त्यानं ती नखानं सोडवली. ती आत्ता त्याच्या पाकिटात होती, लायसन्सच्या मागे. फेकून का दिली नाही, हेही त्याला सांगता आलं नसतं.

“नव्हती?” चाचांनी विचारलं.

“नव्हती.”

“लावल्यागत वाटतंय मला…”

“मी स्वतः बघितलं चाचा. कपाट उघडून.”

चाचांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं.

“मग नसंल,” ते म्हणाले. “वय झालं. ऱ्हाऊन गेली असंल. माझीच चूक.”

निनादचा जीव भांड्यात पडला.

पाच दिवसांत पहिल्यांदा त्याची छाती मोकळी झाली. त्याला तहान लागली, भूक लागली, समोरचा डोंगरसुद्धा दिसला. आणि लगोलग, म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात आपलं पाप बांधून आपल्याला बरं वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. पण बरं वाटत होतं हे खोटं नव्हतं.

चाचांनी तांदळावर फडकं टाकलं. गुडघ्यावर हात रेटून उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात धुतलेला सदरा होता आणि डोक्यावर टोपी.

“कुठे निघालात?”

“इस्पितळात. गाडी हाय न्हवं तुझी?”

“कशाला?”

“थोरल्या ट्रस्टींना सांगतो. तार माझी, चिठ्ठी न्हाई, दोष माझा. हेरवाड्या सुटंल. तू बी सुटशील.”

“मी? मी कुठे अडकलोय?”

“न्हाईस व्हय?” चाचा म्हणाले. “मग ऱ्हायलं.”

इथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं, तेवढ्या एका प्रश्नानं त्याचे कान तापले होते.

“चाचा, तुमचा गुडघा…” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“उतारच हाय.”

सांगायला लाज वाटते, पण त्यानं गाडी सुरू केली. म्हाताऱ्याला मागे बसवलं. वर “नीट धरून बसा” असंही म्हणाला.

रस्ता खडीचा होता. गाडी हळूहळू उतरत होती. चाचांचा एक हात निनादच्या खांद्यावर होता, आणि त्या हाताला जवळजवळ वजन नव्हतं.

“नुसतं तोंडी सांगून भागंल का रं?” मागून चाचांनी विचारलं. “का अर्ज लागंल?”

“…अर्ज लागेल.”

“मग तूच टाईप कर बाबा. हेरवाड्याचा तू झ्याक करून दिलास म्हनं.”

गाडी एका दगडावरून उडाली.

“हेरवाडे… तुमच्याकडे आले होते?”

“काल. दिवस बुडूस्तवर पायरीवर बसून हुता.”

“काय म्हणाले?”

“मलाच इचारत हुता. म्हनला, चाचा, मीच दाबली असंल का हो ती कळ? मला आठवत न्हाई. पर एवढी शिकलेली मान्सं म्हनत्यात म्हंजे दाबली असंल. झोपंत हात गेला असंल माझा…”

निनादला समोरचा रस्ता नीट दिसेना.

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगनार? मी कुठं तिथं हुतो?”

शनिवारी हेरवाडे इस्पितळात निनादच्या खोलीच्या दारात उभा राहिला होता. बावीस वर्षं ज्या इमारतीत काढली तिच्यात परक्यासारखा, चपला बाहेर काढून. हातात वहीचं फाडलेलं पान आणि एक कापडी पिशवी. “साहेब, एवढं कंप्युटरवर करून देता का? माझं अक्षर वाचाया येत न्हाई कुनाला.” पानावर लिहिलं होतं, की माझ्या हातून झोपेत भोंगा बंद झाला असावा, मला आठवत नाही पण झाला असेल, सात जणांचा मी अपराधी आहे, क्षमा असावी. नोकरीवर ठेवा असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. ते मागायचं त्याला सुचलंच नव्हतं.

निनादनं ते टाईप केलं. आपल्या या दहा बोटांनी. ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. एक वाक्य लांबत होतं ते तोडून दोन केली, म्हणजे वाचायला बरं. मग कागद काढून त्याच्या हातात दिला. हेरवाडेनं तो कपाळाला लावला आणि पिशवी टेबलावर ठेवली. शेवग्याच्या शेंगा होत्या. “घरच्या झाडाच्या हायत साहेब. कवळ्या हायत.”

रविवारी आईनं त्यांची आमटी केली. आमटी चांगली झाली होती. निनादनं दुसऱ्यांदा मागून घेतली होती.



“माझ्या अर्जात बी तसंच घाल,” चाचा मागून म्हणत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं ते सांगत होते. “चिठ्ठी लावल्याचं आठवत न्हाई, पर लावली नसंल. नमुना हायच तुझ्याकडं. नाव तेवढं बदललंस की झालं.”

निनादनं ब्रेक दाबला.

गाडी खडीवर थोडी घसरली आणि थांबली. त्यानं किल्ली फिरवली. दोन्ही पाय जमिनीला टेकवले. मागे वळून बघायची त्याला हिंमत नव्हती. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं माणसं का म्हणतात ते त्याला त्या क्षणी कळलं.

चाचांनीही काही विचारलं नाही.

दोन सेकंद गेले. दहा गेले. खाली कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

“चाचा… चिठ्ठी होती.”



त्यानं पाकीट काढलं. लायसन्सच्या मागून पट्टी ओढली. तिला पाकिटाची रेघ पडली होती, कडेला धूळ चिकटली होती. त्यानं ती तशीच खांद्यावरून मागे धरली.

चाचांनी ती घेतली. डोळ्यांपासून लांब धरून वाचली. अक्षर न्‌ अक्षर वाचलं.

“अक्षर बरं हुतं की माझं,” ते म्हणाले.

“दार मी बंद केलं चाचा. भोंगा मी बंद केला. मशीन बोलत नाही, कंपनी माहीत नाही, म्हणून… मी बघायलासुद्धा गेलो नाही. खुर्चीतून उठलो नाही. मग उघडलं तेसुद्धा खुर्चीतूनच. नोंद पुसली. कारागीर यायच्या आधी सगळं नीट करून ठेवलं, म्हणून तर त्याला काही सापडलं नाही. ही पट्टी मी काढली. आणि ते अर्ज घेऊन आले तेव्हा मी… मी त्यांच्या चुका सुधारून दिल्या चाचा.”

इथे रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. डोळे कोरडे ठाक होते आणि आतून काहीतरी सोललं जात होतं.

चाचा गाडीवरून उतरले. रस्त्याच्या कडेला एक धोंडा होता, त्यावर बसले आणि गुडघा चोळत राहिले.

“तुम्हाला माहीत होतं?” निनादनं विचारलं.

“अकरा वर्सांत एक तार बिनचिठ्ठीची सोडली न्हाई मी.”

“मग वर… माझीच चूक म्हणालात ते?”

“तू तेवढ्यासाठीच चढ चढून आलेलास.” चाचांनी पट्टी सदऱ्याच्या खिशात ठेवली. “दर्ग्यावर आलेल्याला रिकाम्या हातानं कसा धाडू?”

निनादनं मान खाली घातली. कुणी थोबाडीत मारली असती तर ती त्यानं आनंदानं घेतली असती. ही गोष्ट कुठे घ्यायची ते त्याला कळेना. हा माणूस खरोखर खाली आला असता. थोरल्या ट्रस्टींच्या समोर टोपी काढून उभा राहिला असता आणि म्हणाला असता, माझी चूक. आणि निनादनं त्याला गाडीवरून आणून सोडलं असतं. नंतर परत पोचवलंही असतं, कारण तो तसा चांगल्या घरचा मुलगा होता.



मग निनादनं श्वास घेतला. पाठ सरळ केली.

“चाचा, मी सांगतो. उद्या अकराला चौकशी आहे. सगळे ट्रस्टी असतील, डॉक्टर असतील. सगळ्यांच्या समोर उभा राहतो आणि पहिल्यापासून सांगतो. नोकरी गेली तर जाऊ दे. पोलिसांत दिलं तरी चालेल. काही लपवणार नाही.”

बोलता बोलता त्याचा आवाज स्थिर झाला. ती खोली त्याला दिसायला लागली. लांब टेबल, सगळ्यांच्या वळलेल्या माना, आणि मधोमध ताठ उभा असलेला तो स्वतः. सगळे गप्प झाले आहेत. वायदंडे सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आहे. म्हातारे ट्रस्टी म्हणताहेत, चूक केली, पण पोरगा खरा निघाला. लाजेनं काळवंडलेल्या त्याच्या तोंडावर पाच दिवसांनी थोडा रंग आला.

चाचांनी तो रंग पाहिला.

“उद्या,” ते म्हणाले.

“हो. अकरा वाजता.”

चाचा खाली बघत होते. टेकडीवरून सगळं गाव दिसतं. इस्पितळाची पिवळी इमारत, तिच्या मागची शेड, शेडच्या पलीकडे कामगारांच्या खोल्यांची बैठी ओळ. त्या ओळीतल्या शेवटच्या खोलीपुढे शेवग्याचं झाड होतं. झाडाखाली कुणीतरी बसलेलं होतं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता.

“तुम्ही याल ना चाचा?” निनादनं विचारलं. “उद्या… मी सांगेन तेव्हा?”

चाचांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची ते निनादला कळलं नाही.

“मी खरंच सांगणार आहे चाचा. तुमची शपथ. उद्या सगळं सांगतो.”

चाचा उठले, टोपी नीट केली आणि गाडीवर बसायच्या ऐवजी खाली त्या बैठ्या खोल्यांकडे बोट केलं.

“सांग की. पर मग आजची रात तो मानूस कोन म्हनून झोपनार?”